मालकाचं नाव

सई, तुझा फोन झाल्यावर मी बराच वेळ खुर्चीतच बसून होते. घरच्या ओव्हनमध्ये बिस्किटं करून विकायची म्हणून तू तिथल्या कचेरीत रीतसर अर्ज केलास. आता त्यांचा माणूस तुझं स्वयंपाकघर तपासायला येणार आहे, आणि तेव्हापासून तुला जेवण जात नाही. "आजी, मी काही चोरी केलेली नाही, तरी चोरासारखं वाटतंय," असं तू म्हणालीस. मी धीराचं काहीबाही बोलले, पण माझं लक्ष फोनवर राहिलं नव्हतं. हेच वाक्य मी आपल्या मागच्या अंगणात ऐकलं होतं. "बाई, मी काय चोरलंय का कुणाचं? मग काळीज असं का उडतंय?" हे विचारणारी बाई म्हणजे गंगाक्का.

मागच्या खेपेला तू आणि तुझा भाऊ निनाद तिच्या कडक भाकऱ्या बॅगेत भरून घेऊन गेलात. भाकऱ्या करणारी मात्र तुम्हाला दिसली नाही. तुम्ही दोघं पायात मोजे घालून अंगणात आलात, म्हणून ती दाराला कडी लावून आत बसली होती. गंगाक्काच्या हिशेबी ज्याच्या पायात दिवसाढवळ्या मोजे, तो साहेब. आणि साहेब म्हणजे कागद मागणारा, कागद नसला तर घेऊन जाणारा. कुठे घेऊन जाणार हे तिनं कधी सांगितलं नाही. मला वाटतं, तिलाही ते माहीत नव्हतं, आणि म्हणूनच भीती जास्त होती.

ती आता आपल्याकडे राहत नाही. तिच्याबद्दल क्रमानं लिहून ठेवावं असं आज वाटलं, म्हणून बसले.

ती शिरोळकडची. कृष्णेला मोठा पूर आला तेव्हा घरात पाणी शिरलं, आणि गावच्या बाकी माणसांबरोबर तिलाही एका शाळेत आणून ठेवलं. तिचा नवरा ट्रॅक्टर चालवायचा. "ट्रॅक्टर कुठं हाय बघून येतो," म्हणून तो तिथून गेला आणि परत आला नाही. पाणी ओसरल्यावर कळलं की ट्रॅक्टर सुखरूप होता, नवराही सुखरूप होता, आणि दुसऱ्याच एका घरात राहत होता. गंगाक्का कुणाच्या तरी ओळखीनं कोल्हापुरात आली ती आपल्या मागच्या दोन खोल्यांत. सामान म्हणजे एक तवा, भाकरी थापायची लाकडी काठवट आणि कपड्यांचं गाठोडं. एक मुलगी होती, ती लग्न होऊन पेठ वडगावला नांदत होती.

अंगानं बारीक, उंच, कपाळावर विभूतीचे पट्टे. कोल्हापूरच्या बायकांसारखी तीही 'मी करतो', 'मी गेलतो' असंच बोलायची, आणि घाबरली की तोंडातून कानडी 'यप्पा' निघायचं. दिवसातून किती वेळा निघायचं विचारू नका. गॅसचा सिलिंडर सुरू केला की यप्पा, पोस्टमनची सायकल वाजली की यप्पा. मला सगळं शहर 'बाई' म्हणतं, कारण निम्म्या शहराला मी इंग्रजी शिकवलं आहे. तीही बाईच म्हणायची, पण तिच्या तोंडी त्याचा अर्थ वेगळा होता. इंग्रजी कागद जिला घाबरतात ती बाई, असा.

तिच्या भाकरीबद्दल सांगायलाच हवं. ज्वारीचं पीठ गरम पाण्यात मळायचं, हातावर नाही तर काठवटीतच थापत थापत कागदाइतकी पातळ करायची, भाजायची आणि तव्याच्या कडेनं उभी करून वाळवायची. मोडली की पापडासारखा आवाज येतो. सकाळी मी चहा घेत असे तेव्हा मधल्या भिंतीतून तिच्या थापण्याचा आवाज येई. त्याला एक ठेका होता, आणि अधूनमधून तो चुके. कारण तिच्या उजव्या हाताची करंगळी मधल्या पेरात वाकडी होती. ती बरोबरच्या बोटांना साथ देत नसे. त्यामुळे तिच्या प्रत्येक भाकरीच्या कडेला एक लहानशी खाच पडे. गिऱ्हाइकं ती खाच बघून भाकरी घेत. ते बोट कसं वाकडं झालं हे तिनं मला एकदाच सांगितलं, तेही पीठ चाळता चाळता, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं. "दाराच्या फटीत धरलंतं. मालकानं." एवढंच. घाबरली की ती ते बोट डाव्या मुठीत घट्ट धरून ठेवी.

एकदा सकाळी दोन माणसं पाठीला बॅगा लावून गल्लीत शिरली. गल्लीतून गॅसची पाइपलाइन जायची होती, तिची मापं घ्यायला आली होती बिचारी. गंगाक्कानं खिडकीतून त्यांचे पाय पाहिले. मी वर्तमानपत्र वाचत होते, तर ही मधल्या दारातून गोधडीत गरम भाकऱ्या गुंडाळून आत आली. "बाई, ठिवा कुठं तरी. सायेब आल्यात. दोघं हायत, मोजं घातल्यात." मी काही बोलायच्या आत तिनं माझं पुस्तकांचं कपाट उघडून सगळ्या भाकऱ्या शब्दकोशांच्या मागे उभ्या केल्या आणि कपाटाला पाठ लावून उभी राहिली. मी बाहेर जाऊन विचारून आले. पाइपलाइनवाले, म्हटलं. तिचा विश्वास बसेना. "तसंच सांगत्यात त्ये. आदी पाइप म्हणत्यात, मग घरात शिरत्यात." अजूनही जाडा शब्दकोश उघडला की ज्वारीचं पीठ हाताला लागतं.

मी तिला समजावून सांगत असे की घरी पदार्थ करून विकणं गुन्हा नाही, त्यासाठी अन्न खात्याकडे एक साधी नोंदणी करावी लागते. ती ऐकून घेई आणि म्हणे, "व्हय, पर नोंद केली की त्येंना पत्ता कळतुया की." 

पुढे मी तुमच्याकडे आले होते त्या उन्हाळ्यात तिच्या आयुष्यात एक बदल झाला. बाजारातल्या एका दुकानदारानं सांगितलं, भाकऱ्या माझ्या दुकानात ठेवतो, पण पाकिटावर नोंदणीचा नंबर पाहिजे, नाहीतर मलाच त्रास. मग तिनं मन घट्ट केलं, ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या एका सेंटरवर गेली आणि नोंदणी करून आली. मी परतले तेव्हा प्रमाणपत्र काचेच्या फ्रेममध्ये देवांच्या वर लागलं होतं. रोज पूजा झाली की ती बोटानं त्यालाही विभूती लावायची. काचेवर पांढरे पट्टे साचून मधला इंग्रजी मजकूर दिसेनासा झाला होता. शेगडी पेटवण्याआधी ती फ्रेमला हात लावायची आणि मला ऐकू जाईल असं म्हणायची, "कागुद हाय न्हवं? मग झालं."

असं म्हणताना तिचा आवाज इतका हलका होई की मलाही बरं वाटे. पण भीती गेली नाही, तिनं जागा बदलली. आधी कागद नाही म्हणून भीती होती, आता कागदाला काही होईल म्हणून.

दुकानदारानं आणखी एक सांगितलं होतं. पाकिटावर पदार्थाचं नाव, वजन, तारीख आणि शाकाहारी असल्याची खूण म्हणून हिरवा ठिपका हवा. नाव, वजन, तारीख मी लिहून दिलं, नंबर सेंटरवाल्याच्या पावतीवर होता, त्याच्या चिठ्ठ्या तिनं छापून आणल्या. ठिपक्याचं मी बघतो, म्हणाली. बघितलं ते असं की बाजारातून हिरव्या टिकल्यांची पाकिटं आणली आणि प्रत्येक पिशवीवर एक टिकली चिकटवली. दुकानात पिशव्या छान दिसत, एखाद्या लग्नघरातल्या बायका ओळीनं बसाव्या तशा. एके दिवशी एका गिऱ्हाइकानं तक्रार केली की भाकरीत टिकली निघाली. पिशवीच्या तोंडाशी चिकटवलेली, उघडताना आत पडलेली. दुकानदारानं हसत हसत फोन केला, पण हिला हसणं कुठून ऐकू येणार? ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन खाली बसली. "खायच्या जिन्नसात टिकली. बाई, ह्येला किती वर्सं असत्यात?" मी म्हटलं, वर्षं नसतात, छापील ठिपका आण. तिनं तो आणला. पण नंतर कितीतरी दिवस ती भाकरी पिशवीत भरण्याआधी उजेडात धरून उलटसुलट बघायची.

हे सगळं आठवताना मला हसू येतं, पण आता जे लिहायचं आहे त्यासाठी मी दोनदा पेन खाली ठेवून उचललं.

एका दुपारी मागच्या पायरीवर एक माणूस बसलेला दिसला. पांढरा शर्ट, डोक्याला टोपी, वय साठीच्या आसपास. मला बघून तो उठला, हात जोडले. "म्याडम, बरं हाय न्हवं? आमच्या घरातली हितं असती म्हणं." बोलणं अगदी गोड. मी गंगाक्काला हाक मारायला वळले तर ती दारात उभीच होती, आणि तिची करंगळी मुठीत होती.

तिनं त्याला पाणी दिलं. तो तांब्या वर धरून पाणी प्यायला, न विचारता आत गेला आणि त्यानं खोलीभर नजर फिरवली. पिशव्यांचा ढीग, चिठ्ठ्या, नवा तवा. "बरं चाललंय की गं गंगे. दुकानात बघितलं मी. म्हटलं, ही खाच कुणाच्या हातची?" मग त्याची नजर फ्रेमकडे गेली. "ह्यो कुठला नवा देव?" असं म्हणत त्यानं अंगठ्यानं काचेवरची विभूती पुसली. तो गाडी चालवणारा माणूस, लायसनवरचं आपलं इंग्रजी नाव त्याला ओळखता येत होतं. तो बोट ठेवून वाचू लागला आणि मध्येच थांबला. मग त्याचा चेहरा खुलला. खराखुरा आनंद झाला होता त्याला.

"शिवगोंडा," तो म्हणाला. "माझंच नाव की हे."

मी चष्मा लावून पुढे झाले. प्रमाणपत्रावर मालक म्हणून शिवगोंडाचंच नाव छापलेलं होतं. खाली पत्ता आपला, आणि फोन नंबर गंगाक्काचा.

त्यानं खिशातून मोबाइल काढून फ्रेमचा फोटो घेतला. "म्हंजे धंदा माझा. मला कुणी बोललं न्हाई. फुडच्या बाजारी टेम्पो घिऊन येतो. काठवट, तवा, समदं भरून ठिव. गावात बसून थाप, मी इकतो."  मग तो तितक्याच गोडीनं म्हणाला, "आन न्हाई आलीस तर न्हाई. मी ऑफिसात जाऊन सांगतो, माझ्या लायसनवर ही बाई चोरून माल इकती म्हणून. मग सायेबच घिऊन जाईल तुला."

तो गेल्यावर ती खाली बसली. यप्पासुद्धा म्हणाली नाही. मी विचारलं, "अगं, त्याचं नाव आलंच कसं?"

"सेंटरवाल्यानं इचारलं, मालकाचं नाव काय? आता मालकाचं नाव मी कसं घेणार, बाई? पिशवीत त्येंच्या आधारची झेरॉक्स हुती, ती फुडं केली. तो म्हटला, मालक आलं न्हाईत? मी म्हटलं, गावाला गेल्यात. त्यानं दाबलं बटण."

आपल्याकडच्या बायका नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाहीत, त्याला 'आमचं मालक' म्हणतात, हे तुम्हाला सांगायला हवं. सरकारी फॉर्ममधला मालक आणि तिचा मालक हे तिला एकच वाटले. मी म्हटलं, "गंगाक्का, तिथं मालक म्हणजे धंद्याचा मालक."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "धंद्याला येगळा मालक असतुया व्हय?"

मी तिला सांगितलं की नोंदणीत नाव असलं म्हणून धंदा त्याचा होत नाही, पीठ तिचं, हात तिचे, त्याचा या खोलीवर काडीचा हक्क नाही. हे सगळं खरं होतं. ती म्हणाली, "तुमचा कायदा पुस्तकात असतुया, बाई. माझं बोट हितं हाय." आणि मूठ उघडून दाखवली.

पोलिसांत जाऊया म्हटलं. "त्येंच्या पायात बी मोजं असत्यात," ती म्हणाली. आता ही हसण्यासारखी गोष्ट राहिली नव्हती. गावी गेली तर तो, त्याचं घर, त्या घराची दारं. नाही गेली तर ज्याच्या भीतीनं ती इतकी वर्षं खिडकीतून लोकांचे पाय बघत आली होती, तो साहेब. आणि या खेपेला साहेबाला सांगण्यासारखं खरंच काहीतरी होतं. दुसऱ्याच्या नावाच्या नोंदणीवर ती माल विकत होती.

सकाळी मधल्या भिंतीतून आवाज आला नाही म्हणून मी उठून पाहायला गेले. शेगडी बंद. ती इरकली लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन, चपला घालून तयार. "ऑफिसात जाऊया, बाई. त्यो जायच्या आदी आपणच जाऊन सांगू. काय करायचं त्ये करू द्यात." मी काही म्हणायच्या आत तिनंच पुढे जोडलं, "सायेब बोट तर मोडत न्हाई न्हवं?"

तिच्या हातात एक पुडकं होतं. भाकऱ्या आणि शेंगाची चटणी. साहेबांसाठी. ते मी काढून घेतलं. लाच समजतील म्हटल्यावर तिनंच ते काठवटीखाली लपवलं. रिक्षात तिनं एकच गोष्ट केली, आपल्याच गुडघ्यावर तळहातानं थापत राहिली, भाकरी थापतात तसं.

कचेरीत आम्हाला एका टेबलापाशी पाठवलं. टेबलामागे केसांची वेणी घातलेली एक तरुण मुलगी होती. गंगाक्का तिच्या मागच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत उभी राहिली.

"बसा मावशी. काय काम आहे?"

"सायेब कवा येत्यात?"

"मीच आहे. बोला."

गंगाक्कानं वाकून टेबलाखाली पाहिलं. मुलीच्या पायात साध्या चपला होत्या, मोजे नव्हते. मग ती एका दमात सगळं बोलून गेली. पूर, ट्रॅक्टर, झेरॉक्स, टिकलीसुद्धा. टिकलीचं सांगायची काही गरज नव्हती. मी तिला कोपरानं ढोसलं, पण आता लपवाछपवी करायची नाही असं तिनं ठरवलेलं दिसलं.

मुलगी हसली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, "ही नोंदणी ज्याच्या नावाची त्याचीच. तिच्यावरचं नाव बदलून मिळत नाही. तुम्ही तुमच्या नावानं नवीन काढा. आजवर काय झालं ते लिहून द्या."

"दंड?"

"ते वरचे ठरवतील. तपासणीला कुणीतरी येईल. आणि मावशी, नवी नोंदणी हातात येईपर्यंत विक्री बंद ठेवा. एकही पिशवी नको."

म्हणजे उत्तर मिळालंच नाही. गुन्हा आहे की नाही, हेही कळलं नाही. मी तुला आधीच सांगून ठेवते, सई, कचेरीत बहुतेक वेळा असंच होतं.

मग कागद जमवणं सुरू झालं. पाण्याची तपासणी, डॉक्टरांचा दाखला. डॉक्टरांनी हात उलटसुलट बघून विचारलं, "हे बोट कधीचं?" ती म्हणाली, "जुनं हाय. पिठाला लागत न्हाई." आणि खोली भाड्याची म्हणून माझं संमतिपत्र. त्यात 'घरमालकाचे नाव' असा रकाना होता. तिथं मी माझं नाव लिहिताना ती शेजारी बसून बघत होती.

"तुमी बी मालक?"

"घराची आहे ना."

"आन आजोबा हुतं तवा?" तुमच्या आजोबांना ती आजोबाच म्हणायची.

"तेव्हाही घर माझ्याच नावावर होतं. माझ्या वडिलांनी दिलेलं."

ती बराच वेळ त्या सहीकडे बघत बसली. 

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. शेगडी बंद, भिंत मुकी. दुकानदाराचा माणूस येऊन रिकाम्या हातानं परत जाई. शिवगोंडा टेम्पो घेऊन आला नाही, मोटारसायकलवर आला, आणि पायरीवर बसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. आरडाओरडा नाही, दार ठोठावणं नाही. नुसता बसे, तंबाखू मळे, चुन्याची डबी पायरीवर टकटक वाजवी. गंगाक्का आतून कडी लावून बसे. मी भरदुपारी मधल्या दारालाही कडी लावू लागले होते. एकदा धीर करून मी त्याला सांगितलं की हे माझं घर आहे, इथं बसायचं नाही. तो उठून हात जोडून म्हणाला, "म्याडम, नवरा हाय मी तिचा. आन मालक बी हाय, तुमी वाचलंय की." आणि परत बसला. त्या टकटकीचा आवाज मला अजून कधी कधी ऐकू येतो, कुठेतरी नळ गळत असला तरी.

तिची लेक वडगावला ये म्हणत होती. गंगाक्का म्हणाली, "तिथं बी पायऱ्या हायत."

आता तपासणीचा दिवस सांगते आणि थांबते. दुपारचं ऊन होतं. मी तिच्या खोलीत बसून नव्या चिठ्ठ्या वाचून दाखवत होते, 'मालक' या शब्दाच्या पुढे तिचं नाव कुठे येईल ते. तिनं खिडकीच्या फटीतून बाहेर पाहिलं आणि ती मागे सरली. "बाई. मोजं."

हातात फायलीची बॅग, पायात काळे बूट, खरोखरचा साहेब अंगणात आला होता. पायरीवरचा माणूस बघून त्यानं विचारलं, "अन्न खात्याकडून आलोय. मालक आहेत का घरात?"

शिवगोंडा उठला. टोपी सारखी केली. "हाय की. या सायेब, या. मीच मालक."

"नाव?"

"शिवगोंडा." खिशातला मोबाइल त्यानं बाहेर काढला सुद्धा. "ह्यो बघा फोटू."

साहेबानं फोटो पाहिला नाही. आपल्या कागदावर बोट फिरवलं. "इथं हे नाव नाही," तो म्हणाला. "इथं मालकाचं नाव..." आणि त्यानं मान वर केली, कारण आतून कडी वाजली होती.

गंगाक्कानं दार उघडलं होतं. कचेरीतल्या त्या मुलीनं सांगितल्याप्रमाणे तिनं केसांवर पांढरं फडकं घट्ट बांधलं होतं. मी तिच्या मागे उभी होते, त्यामुळे तिचा चेहरा मला दिसला नाही. पाठ दिसत होती, आणि पाठीशी धरलेले दोन्ही हात. करंगळी डाव्या मुठीत.

"मी हाय," ती म्हणाली.

साहेबाला ऐकू गेलं नाही. "काय म्हणालात?"

"मालक. मी हाय. गंगाबाई." आवाज पहिल्याइतकाच बारीक होता, तिला दुसरा आवाज सापडलाच नाही. मग ती त्याच्या पायांकडे बघत म्हणाली, "बूट भाईर काढा, सायेब. आत खायाचा जिन्नस असतुया." आणि जरा थांबून, "मोजं बी."

साहेबानं बॅग काखेत धरली. मग शिवगोंडा बसत असे त्याच पायरीवर तो बसला आणि बुटांच्या नाड्या सोडू लागला. ते बघून शिवगोंडानंही, सवयीनं म्हणा, पायातल्या वहाणा बाजूला सारल्या आणि एक पाय उंबऱ्याशी आणला.

"तुमी न्हवं," ती म्हणाली.

तो पाय तिथंच राहिला. फरशी तापलेली होती. त्यानं पाय मागे घेतला, दुसरा उचलला, पुन्हा पहिला.  साहेब त्याला वळसा घालून अनवाणी आत आला.

गंगाक्कानं दार लोटलं आणि कडी लावायला हात वर केले. कडी कोयंड्यात बसेना. तिनं पुन्हा लावून पाहिली, ती पुन्हा निसटली. साहेब बॅग छातीशी धरून, उघड्या पायांनी, मालकाचं कडी लावणं होईपर्यंत वाट बघत उभा होता.